कर्नलमधला चेकनाका : नेटवर्कचे पॅकेट पकडणारा आणि गाळणारा 'बीपीएफ' आहे तरी काय?

पतसंस्थेच्या शाखेत सर्व्हर मधूनच अडकतो. इंटरनेट पुरवणारा म्हणतो, 'आमच्याकडून लाईन ओके आहे.' सॉफ्टवेअरवाला म्हणतो, 'आमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे, तुमची लाईन बघा.' काऊंटरवर रांग वाढत जाते आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा भांडणात खरं-खोटं ठरवणारा पुरावा एकच असतो, तो म्हणजे तारेवरून प्रत्यक्षात काय गेले आणि काय आले याची नोंद. ही नोंद घेण्याला 'पॅकेट कॅप्चर' म्हणतात. ती घेण्याची आणि त्यातले नको ते गाळण्याची व्यवस्था संगणकाच्या अगदी गाभ्यात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये असते.

या व्यवस्थेतले सर्वांत महत्त्वाचे नाव म्हणजे बीपीएफ, अर्थात बर्कली पॅकेट फिल्टर. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला. त्याची सुधारित आवृत्ती आज मोठमोठ्या डेटा सेंटरपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत सगळीकडे आहे. बीपीएफ कसे चालते, त्याची गरज का पडली, त्यात धोका कुठे आहे आणि कायदा काय सांगतो, याची ही माहिती.

पॅकेट म्हणजे काय?

इंटरनेटवर माहिती सलग धारेने वाहत नाही. तिचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता लावून तो पाठवला जातो. हा तुकडा म्हणजे पॅकेट. नेहमीच्या इथरनेट जाळ्यात एका तुकड्यात जास्तीत जास्त १५०० बाइट माल मावतो. साधा फोटो पाठवला तरी हजारो पॅकेट निघतात.

प्रत्येक पॅकेटला एकावर एक पाकिटे असतात. सर्वांत बाहेरचे इथरनेटचे पाकीट १४ बाइटचे. पहिले ६ बाइट म्हणजे ज्याला द्यायचे त्या कार्डाचा पत्ता, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा पत्ता आणि शेवटचे २ बाइट आत कोणत्या प्रकारचा माल आहे ते सांगतात. तिथे २०४८ हा आकडा असेल तर आत आयपीची चौथी आवृत्ती, २०५४ असेल तर एआरपी, ३४५२५ असेल तर आयपीची सहावी आवृत्ती. त्याच्या आत आयपीचे पाकीट, त्यात टीसीपी किंवा यूडीपीचे आणि सर्वांत आत खरा मजकूर.

एक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'बेळगाव' या शब्दात मात्रा-काना धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. पॅकेट पकडणारी साधी साधने फक्त इंग्रजी अक्षरे छापतात आणि बाकीच्या जागी टिंब टाकतात. त्यामुळे उघडा मराठी मजकूर असला तरी तिथे नुसती टिंबांची रांग दिसते. ते टिंब म्हणजे कुलूप नव्हे. योग्य साधनाने तो मजकूर सहज वाचता येतो.

कर्नलमध्येच का?

संगणकात दोन वस्त्या आहेत असे समजा. एक कर्नलची. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळे तिच्या ताब्यात. दुसरी आपल्या नेहमीच्या प्रोग्रॅमची. ब्राउझर, टॅली, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळे या दुसऱ्या वस्तीत राहतात. त्यांना कार्डाला थेट हात लावता येत नाही, कर्नलकडे अर्ज करावा लागतो. प्रत्येक अर्जाला वेळ लागतो, आणि माल एका वस्तीतून दुसरीकडे न्यायचा तर त्याची नक्कल करावी लागते. त्यालाही वेळ लागतो.

आता हिशेब करा. एक गिगाबिटच्या लाईनवर सर्वांत लहान आकाराची पॅकेट भरभरून आली तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येतात. दहा गिगाबिटच्या लाईनवर दहा पट, म्हणजे एका पॅकेटसाठी हातात वेळ उरतो साधारण ६७ नॅनोसेकंद. एवढ्या पॅकेटची नक्कल करून ती दुसऱ्या वस्तीत न्यायची आणि तिथे 'हे नको होतं' म्हणून फेकून द्यायची, हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

सीमाभागातल्या माणसाला हे सांगायला कोगनोळी नाका पुरेसा आहे. महामार्गावरून येणारी प्रत्येक गाडी तपासणीसाठी बेळगावच्या कार्यालयात न्यायची आणि तिथून परत पाठवायची असे ठरवले तर महामार्ग बंद पडेल. नाक्यावरच्या माणसाला एक यादी द्यायची, पाटी बघ, कागद बघ, हवी ती गाडी बाजूला घे, बाकीच्या जाऊ दे. बीपीएफ हेच करते. यादी वापरणारा देतो, पण तपासणी कर्नलमध्ये, पॅकेट जिथे उतरते तिथेच होते. फरक एवढाच की गाडी थांबवली जात नाही. हव्या त्या गाडीची फक्त नोंद घेतली जाते.

आधी काय होते?

पॅकेट गाळण्याची कल्पना बीपीएफच्या आधीची आहे. कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांत तयार झालेल्या फिल्टरवर जेफ्री मोगल, रिचर्ड रशीद आणि मायकेल अ‍ॅसेटा यांनी १९८७ साली निबंध मांडला. त्याला सीएसपीएफ म्हणतात. कल्पना उत्तम होती. वापरणाऱ्याने छोटा प्रोग्रॅम द्यायचा आणि कर्नलने तो प्रत्येक पॅकेटवर चालवायचा. पण तो पीडीपी-११ सारख्या जुन्या यंत्रांच्या काळात आखलेला होता. हिशेब स्टॅकवर, म्हणजे ताटावर ताट रचावे तसा चालायचा आणि त्यासाठी मेमरीत सारखी ये-जा करावी लागायची. शिवाय तो १६ बिटांपुरता मर्यादित होता आणि कमी-जास्त लांबीची पाकिटे त्याला नीट उलगडता येत नसत. सन कंपनीच्या संगणकांवर एनआयटी नावाची वेगळी सोय होती. तिथे आधी पॅकेटची नक्कल व्हायची आणि मग गाळणी लागायची.

याच काळात नेटवर्कमध्ये डोकावून बघण्याची निकड किती मोठी आहे, हे एका घटनेने दाखवून दिले. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर अवघे ४०० यार्ड! प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला. हरवलेली समजून तीच ती पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवली जात होती आणि त्यामुळेच रस्ता आणखी तुंबत होता. त्यावरचा त्यांचा उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. गर्दी दिसली की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा, ही टीसीपीची आजची शिस्त तिथून आली.

त्याच प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प हे साधन लिहिले. पॅकेट पकडून वाचता येईल अशा ओळींत छापणारे हे साधन आजही रोज वापरात आहे. त्याला वेगवान पाया हवा होता. म्हणून मॅकॅन आणि जेकबसन यांनी नवी रचना केली. त्यांचा निबंध डिसेंबर १९९२ मध्ये तयार झाला आणि १९९३ च्या हिवाळ्यात सॅन डिएगो इथल्या युजनिक्स परिषदेत मांडला गेला. त्यांच्या मोजमापानुसार नवी गाळणी मूळ रचनेपेक्षा २० पटींपर्यंत वेगवान होती आणि एकूण व्यवस्था त्याच यंत्रावरच्या एनआयटीपेक्षा १०० पटींपर्यंत.

गाळणी चालते कशी?

बीपीएफ म्हणजे कर्नलच्या आत बसवलेला एक काल्पनिक, अगदी छोटा संगणक. त्याला ३२ बिटांचे दोनच हात आहेत. एक मुख्य, ज्यात आकडा घेऊन हिशेब करायचा. दुसरा मदतीचा, ज्यात 'कुठून वाचायचे' हे धरून ठेवायचे. जोडीला आकडे टिपून ठेवायला १६ कप्पे. प्रत्येक सूचना ८ बाइटची. सूचना मोजक्याच प्रकारच्या, म्हणजे पॅकेटमधल्या अमुक जागेवरचा आकडा उचल, बेरीज कर, तुलना कर, जुळला तर इकडे जा, नाही तर तिकडे जा, आणि शेवटी निकाल दे.

निकाल हा एक आकडा असतो. शून्य म्हणजे पॅकेट नको. दुसरा कोणताही आकडा म्हणजे 'पॅकेटचे सुरुवातीचे इतके बाइट घे'.

समजा फक्त आयपीच्या चौथ्या आवृत्तीची पॅकेट हवी आहेत. त्याला चारच सूचना पुरतात :

१. शून्यापासून मोजून बाराव्या जागेवरचे २ बाइट उचल.
२. ते २०४८ आहेत का बघ. असतील तर तिसरीकडे जा, नसतील तर चौथीकडे.
३. पॅकेट घे.
४. पॅकेट सोडून दे.

मागणी थोडी वाढवू. सुरक्षित वेबसाइटसाठी वापरले जाणारे टीसीपीचे पोर्ट ४४३ हवे आहे. आता गाळणी आधी प्रकार बघते. मग २३ व्या जागेवरचा बाइट ६ आहे का बघते, कारण ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी. त्यानंतर हे पॅकेट मोठ्या पॅकेटचा मागचा तुकडा तर नाही ना, हे तपासते, कारण पोर्टचा आकडा फक्त पहिल्या तुकड्यात असतो. मग आयपीच्या पाकिटाची लांबी काढते. ती बहुधा २० बाइट असते, पण जास्तही असू शकते, म्हणून गृहीत धरून चालत नाही. १४ व्या जागेवरच्या बाइटचे खालचे चार बिट घ्यायचे, त्यांना ४ ने गुणायचे, ही लांबी. ती मदतीच्या हातात धरायची आणि तिथून पुढे मोजून दोन्ही पोर्ट वाचायची. कमी-जास्त लांबीचे हेच काम जुन्या रचनेला जमत नव्हते.

वापरणाऱ्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. 'टीसीपी आणि पोर्ट ४४३' असे साध्या शब्दांत लिहिले की लिबपीकॅप ही जोड-लायब्ररी त्याच्या सूचना बनवून कर्नलला देते. वायरशार्क हे चित्रमय साधनही याच पद्धतीवर उभे आहे. ते १९९८ मध्ये इथीरियल नावाने सुरू झाले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. मात्र वायरशार्कमध्ये दोन चाळण्या असतात. पकडतानाची चाळणी कर्नलमध्ये चालते, तर बघतानाची चाळणी पकडून झालेल्या मालावर लागते. दोघींची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. नवशिके इथेच हमखास गोंधळतात.

बफर भरला की काय होते?

गाळणीतून निवडलेले पॅकेट लगेच प्रोग्रॅमकडे जात नाही. मूळ बीपीएफमध्ये दोन बफर होते. एकात कर्नल माल भरत राहतो आणि दुसरा प्रोग्रॅम रिकामा करतो. एक भरला की अदलाबदल. यामुळे एका अर्जात अनेक पॅकेट उचलता येतात. शंभर पावत्यांसाठी बँकेत शंभर खेपा घालण्याऐवजी संध्याकाळी एकदाच जाण्यासारखे हे आहे. लिनक्समध्ये आज कर्नल आणि प्रोग्रॅम दोघांनाही दिसणारी सामायिक मेमरी वापरता येते, त्यामुळे खेपा आणखी कमी होतात.

पण प्रोग्रॅम मागे पडला, दोन्ही बफर भरले, तर नवे पॅकेट नोंदीतून गळते. टीसीपीडम्प बंद करताना शेवटी तीन आकडे छापते : किती पकडली, गाळणीपर्यंत किती आली आणि कर्नलने किती सोडली. तिसरा आकडा शून्य नसेल तर ती नोंद अपुरी आहे. 'पॅकेट हरवलं' असा आरोप कुणावर करण्याआधी ते लाईनवर हरवले की नोंद घेतानाच गळले, हे याच आकड्यावरून कळते. रोजमेळ जुळत नसेल तर आधी पावती फाडायची राहिली का बघतात, तसेच.

पकडणे वेगळे, अडवणे वेगळे

या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. टीसीपीडम्पची गाळणी कोणतेही पॅकेट अडवत नाही. 'नको' म्हटलेले पॅकेटही आपल्या वाटेने पुढे जातेच, फक्त त्याची नक्कल आपल्याला मिळत नाही. अडवण्याचे काम फायरवॉलचे. लिनक्समध्ये ते नेटफिल्टर ही वेगळी यंत्रणा करते. पॅकेटच्या वाटेवर तिची पाच ठाणी आहेत : आत येताच, या संगणकासाठी असेल तेव्हा, दुसरीकडे पुढे धाडताना, इथून निघताना आणि बाहेर पडण्याच्या अगदी आधी.

लिनक्सवर टीसीपीडम्प येणारे पॅकेट या ठाण्यांच्या आधी बघते, तर जाणारे पॅकेट ठाणी ओलांडल्यानंतर बघते. याचा सरळ अर्थ असा :

– येणारे पॅकेट नोंदीत दिसले म्हणजे ते सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचलेच असे नाही. पुढे फायरवॉलने ते अडवलेले असू शकते.

– जाणारे पॅकेट नोंदीत दिसले नाही तर आपल्याच फायरवॉलने ते रोखले असण्याची शक्यता आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा या दोन ओळींत लागतो. विनंती बाहेर गेलेली दिसते आणि उत्तर आलेले दिसत नाही, तर शोध बाहेर घ्यायचा. उत्तर आलेले दिसते आणि सॉफ्टवेअर तरीही अडकते, तर शोध घरात घ्यायचा.

परके सॉफ्टवेअर गाभ्यात घ्यायचे कसे?

कर्नलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमने चूक केली तर नुसता प्रोग्रॅम बंद पडत नाही, सगळा संगणकच पडतो. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये चालत होते. त्याला पाठवलेल्या माहितीच्या फाइलमुळे ते मेमरीच्या हद्दीबाहेर वाचायला गेले आणि संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रांना फटका बसला. त्या दिवशी हैदराबाद विमानतळावर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

ते सॉफ्टवेअर बीपीएफ नव्हते. पण हद्दीबाहेर वाचण्याची चूक कर्नलमध्ये किती महाग पडते, हे त्यातून समजते. बीपीएफच्या कर्त्यांनी ही काळजी १९९२ मध्येच घेतली होती. त्यासाठी दोन नियम आहेत. पहिला, उडी फक्त पुढे मारायची, मागे नाही. त्यामुळे प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहणे अशक्य होते, तो संपणारच. दुसरा, पॅकेटच्या बाहेरची जागा वाचायला गेलात तर निकाल शून्य, म्हणजे पॅकेट नाकारले आणि विषय संपला. कर्नलला धक्का लागत नाही.

ईबीपीएफ : नाक्याचा महामार्ग झाला

लिनक्सने ही गाळणी १९९० च्या दशकात स्वीकारली. २०११ मध्ये तिच्या सूचना थेट प्रोसेसरच्या भाषेत बदलून चालवण्याची सोय एरिक ड्युमाझे यांनी आणली, त्यामुळे वेग वाढला. २०१२ मध्ये हीच गाळणी पॅकेटऐवजी प्रोग्रॅमच्या अर्जांना लावली गेली. कोणत्या प्रोग्रॅमने कर्नलकडे काय मागायचे, काय नाही, याची ती मर्यादा ठरवते. क्रोम ब्राउझर आणि अँड्रॉइड दोन्ही तिचा वापर करतात.

मोठा बदल २०१४ चा. अ‍ॅलेक्सी स्टारोव्हॉइटोव्ह यांनी बीपीएफची विस्तारित आवृत्ती लिनक्समध्ये आणली. हेच ईबीपीएफ. दोन हातांऐवजी ६४ बिटांचे दहा हात, जोडीला ५१२ बाइटचा स्टॅक, आणि 'मॅप' नावाची खतावणी, जिच्यात कर्नल आणि प्रोग्रॅम दोघेही नोंदी लिहू-वाचू शकतात. जुने बीपीएफ बंद झाले नाही. लिनक्स आजही टीसीपीडम्पची जुनी सूचना घेते आणि आतल्या आत तिचे नव्यात रूपांतर करते.

एवढी मोकळीक दिल्यावर राखणही कडक हवी. ती करतो व्हेरिफायर. ऑडिटर सही करण्याआधी प्रत्येक व्हाउचर तपासतो, तसा हा प्रोग्रॅम चालण्यापूर्वी त्याची प्रत्येक वाट चालून बघतो. कुठे हद्दीबाहेर वाचन होते का, कुठे रिकाम्या पत्त्यावर हात जातो का, प्रोग्रॅम संपतो का. शंका आली की प्रोग्रॅम आतच घेतला जात नाही. २०१९ पर्यंत मागे फिरणाऱ्या आवर्तनाला मनाईच होती. त्या वर्षी लिनक्सच्या ५.३ आवृत्तीपासून ठरावीक फेऱ्यांत संपणाऱ्या आवर्तनाला परवानगी मिळाली.

२०१६ मध्ये आलेल्या एक्सडीपी या सोयीने गाळणी आणखी अलीकडे, थेट नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये नेली. पॅकेटसाठी कर्नलने मेमरीत कागदपत्रे तयार करण्याआधीच निकाल लागतो : सोड, फेक, किंवा दुसरीकडे वळव. वेबसाइट बंद पाडण्यासाठी खोट्या पॅकेटचा पूर सोडला जातो, तेव्हा हे कामी येते. क्लाउडफ्लेअर या कामासाठी एक्सडीपी वापरते. फेसबुकने कॅट्रान हे आपले भार-वाटपाचे सॉफ्टवेअर त्यावरच बांधले. अँड्रॉइड ९ पासून कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला याचा हिशेबही ईबीपीएफ ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या सूचनांचे प्रमाणपत्रक आरएफसी ९६६९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले.

इथे एक पूरक इशारा. एक्सडीपीने फेकलेले पॅकेट टीसीपीडम्पला दिसतच नाही, कारण ते नोंदीच्या जागेपर्यंत पोहोचत नाही.

ऑडिटरही चुकतो

व्हेरिफायर हेही माणसांनीच लिहिलेले सॉफ्टवेअर आहे. २०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-१६९९५ या क्रमांकाची त्रुटी उघडकीस आली. ऋण आकडा वाढवून लिहिताना व्हेरिफायरचा हिशेब आणि प्रत्यक्ष चालणारा हिशेब जुळत नव्हता. त्याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संगणकाचा पूर्ण मालक होऊ शकत होता. २०२० आणि २०२१ मध्येही अशाच धर्तीच्या त्रुटी सापडल्या. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषाचे प्रात्यक्षिक दाखवतानाही गुगलच्या संशोधकांनी ईबीपीएफचा आधार घेतला होता.

म्हणून धोरण बदलले. लिनक्समध्ये आता साध्या वापरकर्त्याला ईबीपीएफ प्रोग्रॅम चढवण्याची मुभा मूळ स्थितीत बंद असते. ती फक्त प्रशासकाकडे राहते. जुन्या सर्व्हरवर ही सेटिंग एकदा तपासून घेणे आणि कर्नल अद्ययावत ठेवणे, हा यातला साधा आणि बिनखर्चाचा उपाय.

कोण कुणाचे बघू शकतो?

कुणीही कुठेही बसून सगळ्यांची पॅकेट पकडू शकतो, ही समजूत बरोबर नाही. आजच्या स्विचवर आपल्या संगणकाकडे बहुतांशी आपलीच पॅकेट येतात. इतरांची बघायची तर स्विचवर 'मिरर पोर्ट' चालू करावे लागते आणि ते जाळ्याच्या मालकाच्या हातात असते. पण राऊटर ज्याच्या ताब्यात, त्याच्यासमोरून सगळ्यांची पॅकेट जातात. लॉजचे वायफाय असो की हॉस्टेलचे.

वेबसाइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर आतला मजकूर कुलूपबंद असतो. पासवर्ड, ओटीपी, संदेश वाचता येत नाहीत. पण कोणत्या आयपी पत्त्याशी, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा, हे पाकिटावरून दिसतेच. बहुतेक वेळा वेबसाइटचे नावही दिसते. पत्र बंद आहे, पण पत्ता आणि शिक्का उघडा आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० हा केंद्राचा कायदा. त्यामुळे कोल्हापूर, बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद, सगळीकडे तोच लागू. कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणक किंवा नेटवर्कमधून माहिती काढणे, तिची नक्कल करणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारी यंत्रणांना संदेश अडवून बघण्याचा अधिकार कलम ६९ मध्ये आहे, तोही ठरावीक कारणांसाठी आणि लेखी आदेशाने. आपल्या स्वतःच्या जाळ्यात दुरुस्तीसाठी पॅकेट पकडणे हे नेहमीचे काम आहे. शेजाऱ्याच्या जाळ्यात तेच करणे गुन्हा ठरू शकतो.

नोंद घेताना लक्षात ठेवा

– आधी लेखी परवानगी. कार्यालयाचे जाळे असेल तर ज्याच्या ताब्यात आहे त्याची.

– गाळणी नेमकी लावा. एकाच सर्व्हरचा त्रास असेल तर त्याच पत्त्याची पॅकेट घ्या. फाइल लहान राहते आणि इतरांची माहिती उगाच गोळा होत नाही.

– मजकुराची गरज नसेल तर प्रत्येक पॅकेटचे सुरुवातीचे शंभरएक बाइट पुरेत. बहुतेक निदान पाकिटावरूनच होते.

– गाळणी बरोबर असूनही काहीच दिसत नसेल तर व्हीलॅनची खूण तपासा. ती ४ बाइटची असते, पुढची सगळी मोजणी ४ ने सरकते आणि साधी गाळणी फसते.

– इथून जाणाऱ्या पॅकेटचा चेकसम चुकीचा दिसला तर घाबरू नका. बऱ्याचदा तो नेटवर्क कार्ड नंतर भरते. तसेच १५०० पेक्षा मोठे पॅकेट दिसले तर तेही बहुधा कार्डाच्या आणि कर्नलच्या एकत्रीकरणामुळे.

– शक्य असेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी नोंद घ्या, घड्याळे जुळवून. एका टोकाने पाठवले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, हे सिद्ध करायला दोन्ही वह्या लागतात.

– 'कर्नलने सोडलेली' हा आकडा अहवालात लिहा. तो नसलेला अहवाल समोरचा मान्य करणार नाही, आणि करूही नये.

– काम झाले की फाइल पुसा किंवा कुलूपबंद ठेवा. पकडलेल्या पॅकेटची फाइल म्हणजे ग्राहकांच्या हालचालींची वहीच असते. ती पेनड्राइव्हवरून फिरवायची वस्तू नव्हे.

ही साधने विकत घ्यावी लागत नाहीत. टीसीपीडम्प, लिबपीकॅप आणि वायरशार्क तिन्ही मोफत आणि खुली आहेत. अभियांत्रिकीच्या मुलाला घरच्या लॅपटॉपवर, स्वतःच्याच वायफायवर याचा सराव करता येतो. चार सूचनांची ती पहिली गाळणी टीसीपीडम्प मागितल्यास छापूनही दाखवते. ती एकदा ओळीने वाचून बघितली की पुढची किचकट गाळणीही उलगडत जाते.